पीईआय वापरून सेल्समध्ये डीएनए कसा घालायचा, सोलापूरच्या उन्हाळ्यासकट

एमएस्सीची पोरं प्रोजेक्टला लागली की दरवर्षी हाच प्रश्न येतो, "ताई, ट्रान्सफेक्शन करायचंय पण किट परवडत नाही, काय करू?" ट्रान्सफेक्शन म्हणजे सेल्समध्ये बाहेरचा डीएनए घालणं. तर हे त्यांच्यासाठी. लिपिडवाली महागडी बाटली नसली तरी चालतं. पॉलिएथिलीनइमाइन म्हणजे पीईआय नावाचं पॉलिमर आहे, ते त्या बाटलीच्या मानाने बरंच स्वस्त पडतं, एकदा स्टॉक बनवला की महिनोन्‌महिने पुरतो, आणि नीट वापरलं तर एचईके सेल्समध्ये (माणसाच्या गर्भाच्या किडनीपासून बनवलेल्या सेल्स) किटच्या तोंडात मारेल असं काम करतं. नीट वापरलं तर, हे मात्र खरं.

आधी थोडं कारण समजून घ्या, नाहीतर पुढे बिघडलं की कुठे बघायचं ते कळणार नाही. डीएनएच्या कण्याला फॉस्फेट असतात, त्यामुळे तो निगेटिव्ह. सेलचा पडदा पण बाहेरून निगेटिव्ह. वर प्लास्मिड, म्हणजे आपण घालतो तो गोल डीएनए, हजारो बेसचा अवाढव्य धागा. त्यामुळे उघडा डीएनए सेलवर नुसता ओतला तर तो आत जात नाही, बाहेरच तुकडे होऊन संपतो. पीईआयच्या साखळीत प्रत्येक तिसरा अणू नायट्रोजन आहे, पाण्यात त्यातले बरेच पॉझिटिव्ह होतात आणि डीएनएला गच्च आवळून शंभर-दोनशे नॅनोमीटरचा गोळा करतात. आपल्याकडे टॉवेल-चादरीच्या डाय हाउसमध्ये रंग धुतल्यावर जाऊ नये म्हणून शेवटी फिक्सर मारतात ना, तो पण बहुतेक वेळा असाच पॉझिटिव्ह पॉलिमर असतो, निगेटिव्ह रंगाला धरून ठेवतो. फरक एवढाच की चादरीवरचा रंग कायमचा बसायला हवा आणि आपला डीएनए आत गेल्यावर सुटायला हवा. सगळी गोम इथेच आहे. फक्त धरणारं पॉलिमर काही कामाचं नाही, वेळेवर सोडणारं पाहिजे.

आत जाण्याचा रस्ता असा. गोळा पडद्याला चिकटतो, सेल त्याला एंडोसोम नावाच्या पिशवीत घेते, पिशवी हळूहळू आंबट होत जाते, पीएच सहा-पाचपर्यंत उतरतो, आणि तिथून वेळेत बाहेर पडला नाही तर पुढे लायसोसोममध्ये, म्हणजे सेलच्या पचवणाऱ्या पिशवीत, त्याचा चुथडा. पीईआय इथे बाकीच्यांपेक्षा भारी ठरलं. १९९५ साली फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या ज्याँ-पॉल बेर यांच्या गटाने ते जीन डिलिव्हरीसाठी पहिल्यांदा मांडलं. त्यांचं म्हणणं असं की पीईआयचे सगळे नायट्रोजन साध्या पीएचला चार्ज झालेले नसतात, पिशवीत आम्ल वाढलं की ते प्रोटॉन पीत बसतात, मागोमाग क्लोराइड आणि पाणी आत येतं आणि पिशवी फुगून फुटते. प्रोटॉन स्पंज म्हणतात याला. व्हायवात हे सगळेच घडाघडा म्हणतात, पण २०१३ मध्ये लायसोसोममधला पीएच प्रत्यक्ष मोजला गेला तेव्हा पीईआयमुळे तो बदललेला दिसला नाही, म्हणजे वाद अजून मिटलेला नाही. त्यामुळे थिसिसमध्ये "सिद्ध झालं आहे" असं ठोकून देऊ नका.

आता गणित, आणि हे टाळायचं नाही. एन बाय पी रेशो म्हणजे पॉलिमरचे नायट्रोजन भागिले डीएनएचे फॉस्फेट. डीएनएचं एक फॉस्फेट म्हणजे साधारण ३३० ग्रॅम प्रति मोल, म्हणून १ मायक्रोग्रॅम डीएनएत ३ नॅनोमोल फॉस्फेट. पीईआयचं एक युनिट ४३ चं, म्हणून १ मायक्रोग्रॅम पीईआयमध्ये साधारण २३ नॅनोमोल नायट्रोजन. म्हणजे वजनाने १ भाग डीएनएला ३ भाग पीईआय घेतलं तर एन बाय पी २३ च्या आसपास येतो. पण थांबा, बाटलीवर काय लिहिलंय ते वाचलं का? लिनियर पीईआय दोन रूपात मिळतं, साधा बेस आणि हायड्रोक्लोराइड सॉल्ट. सॉल्टचं युनिट ४३ नाही, ७९.५ चं, म्हणून तेच १ ला ३ घेतलं तर एन बाय पी १२-१३ वर येतो. बाजारात ४० हजार वजनाचं म्हणून जे सॉल्ट विकतात ते बेसमध्ये मोजलं तर २२ हजारवालंच. एकाच्या पेपरमधला रेशो दुसऱ्याच्या बाटलीला लावला की निम्मा फरक पडतो, आणि मग "पेपरवाल्यांनी खोटं लिहिलंय" असं म्हणत पोरं फिरतात.

कुठलं घ्यायचं? पहिल्यांदा करणाऱ्याने लिनियर २५ हजार. ब्रँच्ड २५ हजार पण चालतं, खूप पेपर त्यावरच आहेत, पण माझ्या मते सेल्सला ते जास्त झोंबतं.

स्टॉक १ मिलिग्रॅम प्रति मिली. लिनियर बेस थंड पाण्यात विरघळत नाही, उगाच तासभर व्होर्टेक्स करत बसू नका. पाणी ७०-८० अंशाला नेऊन ढवळत ठेवा, थेंबथेंब हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून पीएच दोनच्या खाली आणा, सगळं पारदर्शक झालं की थंड होऊ द्या, मग सोडियम हायड्रॉक्साइडने सात वर आणा, पाणी टाकून व्हॉल्यूम पूर्ण करा आणि ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढा. सॉल्टवालं असेल तर ते पाण्यात तसंच विरघळतं, फक्त पीएच सातवर आणायचा. पाणी मात्र अल्ट्राप्युअरच. आपल्याकडच्या बोअरचं पाणी किती जड आहे ते गिझरच्या कॉइलला विचारा, साध्या डिस्टिलेशन प्लांटच्या भरवशावर राहू नका. छोटे छोटे अलिकॉट करून उणे २० ला ठेवा, वापरात असलेली ट्यूब ४ अंशाला, परत परत गोठवून वितळवायची नाही. आणि तारखेबरोबर लॉट नंबर लिहा, कारण नवा लॉट आला की रेशो परत बघावा लागतो.

सेल्स लावायच्या आधी एक जेल चालवा. यात अर्धा दिवस जातो पण सेल्स आणि सीरम वाचतं. डीएनएचं प्रमाण तेवढंच ठेवून एन बाय पी ०, १, २, ३, ५, १० असे कॉम्प्लेक्स (डीएनए-पीईआयचे गोळे) करा आणि ०.८ टक्के अगारोजवर सोडा. पीईआयने डीएनए पूर्ण झाकला की तो वेलमधून हलतच नाही, बहुतेक वेळा दोन-तीनपर्यंतच हे होऊन जातं. इथे दोन गोष्टी फसवतात. एक म्हणजे काही लोडिंग डायमध्ये एसडीएस नावाचं डिटर्जंट असतं, ते निगेटिव्ह, ते कॉम्प्लेक्स उलगडून टाकतं आणि डीएनए मस्त पळताना दिसतो, म्हणून एसडीएस नसलेला डाय किंवा नुसतं ग्लिसरॉल वापरा. दुसरं म्हणजे जास्त रेशोला वेल पण काळी दिसते, डीएनए गेला कुठे असं वाटतं. गेला नाही, इतका आवळला गेलाय की एथिडियम ब्रोमाइडला आत शिरायला जागा नाही म्हणून चमकत नाही. खात्री करायची तर त्याच सँपलमध्ये हेपारिन टाका, ते डीएनएपेक्षाही जास्त निगेटिव्ह, पीईआयला ओढून घेतं आणि डीएनए परत खाली पळतो. ही हेपारिनची लेन जरूर ठेवा, सोडण्याचा थोडाफार अंदाज तिथेच येतो.

सेल्स. सुरुवात एचईके २९३ किंवा २९३टी वर करा, दुसरं काही नको. १९७३ मध्ये नेदरलँड्सच्या लायडनमध्ये ही लाइन तयार झाली आणि डीएनए घेण्यात तिच्याइतकी उदार लाइन क्वचितच. पुण्याच्या एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) रिपॉझिटरीतून मागवता येते. आणायला जाणार असाल तर एप्रिल-मे टाळा, नाहीतर पहाटेची गाडी धरा, फ्लास्क मीडियाने काठोकाठ भरलेला असला तरी ४३ डिग्रीत पार्किंगमधल्या गाडीत ठेवायची वस्तू नाही ती. आणि हो, जीएफपीचं (हिरवं चमकणारं प्रोटिन) साधं प्लास्मिड असलं तरी हे रिकॉम्बिनंट डीएनएचं काम आहे, कॉलेजच्या इन्स्टिट्यूशनल बायोसेफ्टी कमिटीकडे प्रपोजल टाकून परवानगी घ्या, १९८९ च्या नियमांपासून ते बंधनकारक आहे. गाइड सर करतील म्हणून सोडू नका, सर विसरतात.

प्लास्मिड चांगला हवा. २६० बाय २८० रेशो १.८ ते २, जेलवर सुपरकॉइल्ड बँड ठळक, शक्यतो एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियाचं विष) काढलेला. सीएमव्ही प्रमोटरखाली (जीन जोरात चालू करणारा भाग) जीएफपी असलेला कुठलाही चालेल.

आता प्रत्यक्ष दिवस. २४ वेलच्या प्लेटचं सांगते, मोठ्या प्लेटला क्षेत्रफळाच्या हिशोबाने वाढवा. आदल्या दिवशी वेलमध्ये साधारण १ लाख सेल्स, अर्धा मिली मीडियात, म्हणजे १० टक्के सीरम असलेल्या डीएमईएममध्ये. दुसऱ्या दिवशी ७० ते ८० टक्के भरलेल्या दिसायला हव्यात. कमी असतील तर पीईआय त्यांना मारतं, खच्चून भरल्या असतील तर त्या विभागत नाहीत आणि डीएनएला न्यूक्लियसमध्ये शिरायची संधी मिळत नाही. प्लास्मिड एवढा मोठा आहे की न्यूक्लियसच्या भोकांतून सहज जात नाही, सेल विभागताना न्यूक्लियसचा पडदा विरघळतो तेव्हा त्याचं फावतं. म्हणूनच न्यूरॉनसारख्या न विभागणाऱ्या सेल्सवर हीच पद्धत रडत-कुढत चालते. पॅसेज (सेल्स किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये वाढवल्या ते) पण बघा, महिनोन्‌महिने ओढलेल्या थकलेल्या सेल्सवर कुठलंच पॉलिमर जादू करत नाही.

दर वेलला अर्धा मायक्रोग्रॅम डीएनए २५ मायक्रोलिटर १५० मिलिमोलर सलाइनमध्ये. दुसऱ्या ट्यूबमध्ये दीड मायक्रोलिटर पीईआय, तेवढ्याच सलाइनमध्ये. दीड मायक्रोलिटर पिपेट करताना कितीही हात स्थिर असला तरी चूक होते, म्हणून वेलवार नको, सहा-आठ वेलचा मास्टर मिक्स एकदम करा. दोन्ही ट्यूब रूम टेंपरेचरला येऊ द्या. मग पीईआय डीएनएमध्ये टाकायचं, डीएनए पीईआयमध्ये नाही. एकदम टाका, थेंबथेंब नको, लगेच पाच-दहा सेकंद व्होर्टेक्स, आणि १५ मिनिटं शांत ठेवा.

या १५ मिनिटांवर थोडं जास्त बोलते. मिठाच्या पाण्यात हे गोळे सतत वाढत असतात, कारण मीठ त्यांचा चार्ज झाकतं आणि ते एकमेकांना चिकटायला लागतात. दहा मिनिटांना छान असतात, चहाला जाऊन पाऊण तासाने आलात तर मायक्रॉनच्या घरात गेलेले ढेकूळ असतात, सेलवर वाळू टाकल्यासारखे दिसतात मायक्रोस्कोपखाली. गंमत म्हणजे थोडे मोठे गोळे पटकन खाली बसतात म्हणून प्लेटमध्ये काम चांगलं करतात, पण ते नशिबावर झालं. ५ टक्के ग्लुकोजमध्ये केले तर लहान राहतात. आणि प्रोटोकॉलमध्ये "रूम टेंपरेचर" लिहिलंय ते २०-२५ अंश, ज्याने लिहिलं त्याच्या गावचं. आपल्याकडे मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत बेंचवर छत्तीस-सदतीस सहज असतं, वाढण्याचा वेग बदलतो, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास सेट केलेलं सगळं उन्हाळ्यात वेगळं वागतं आणि मग म्हणायचं रिप्रोड्यूस होत नाही. ट्यूबजवळ थर्मामीटर ठेवा, आकडा वहीत लिहा, एवढं साधं आहे.

सीरम कॉम्प्लेक्स बनवताना अजिबात नको, त्यातला अल्ब्युमिन निगेटिव्ह असतो आणि पीईआयला आधीच गुंतवून टाकतो. बनल्यावर मात्र वेलमध्ये सीरम असलं तरी एचईकेत बऱ्यापैकी चालतं. ५० मायक्रोलिटर मिश्रण थेंबथेंब वेलभर टाका, प्लेट पुढे-मागे आणि आडवी हलवा, गोल फिरवली की सगळं मध्ये जमतं. चार ते सहा तासांनी मीडिया बदला, भिंतीवरून हळू सोडा, एचईके आधीच ढिल्या चिकटलेल्या असतात, पिपेटचा झोत बसला की चादरीसारख्या उठून येतात. इनक्युबेटर यूपीएसवर आहे का ते आधीच बघा. लाइट गेली, कार्बन डायऑक्साइड पडला, मीडिया जांभळा झाला, आणि दोष पॉलिमरला.

कंट्रोल कमी करायचे नाहीत. नुसत्या सेल्स, नुसता डीएनए, नुसतं पीईआय, आणि जमलं तर कुणाकडून तरी मागितलेलं किट एका वेलपुरतं. नुसतं पीईआयचं वेल सगळ्यात महत्त्वाचं, कारण मोकळं पीईआयच पडद्याला भोकं पाडतं. जास्त रेशोला कॉम्प्लेक्समध्ये न बांधलेलं बरंच पीईआय तसंच तरंगत असतं, ते काही अंशी मदत पण करतं आणि मारतं पण. म्हणून एकच रेशो धरून बसायचं नाही. डीएनए अर्धा मायक्रोग्रॅम कायम ठेवा आणि पीईआय अर्धा, एक, दीड, दोन, अडीच मायक्रोग्रॅम असं चढवत जा. ४८ तासांनी दोन आकडे एकाच कागदावर मांडा, किती सेल्स हिरव्या आणि किती सेल्स जिवंत. जिवंतपणासाठी एमटीटी, म्हणजे जिवंत सेल्स रंग बनवतात ती टेस्ट, ५७० नॅनोमीटरला. हिरव्याचा आलेख चढून उतरतो, जिवंतपणाचा घसरतच जातो, तुमचा रेशो त्या दोघांच्या मधला. ९० टक्के हिरव्या पण निम्म्या मेलेल्या, असा फोटो पोस्टरवर फार छान दिसतो, मला तो नको असतो. ७० टक्के हिरव्या आणि बाकी सगळं टुणटुणीत, हे खरं काम.

जवळच्या कुठल्या लॅबमध्ये डीएलएस मशिन (प्रकाशाने कणांचा आकार मोजणारं) असेल तर साइज आणि झीटा (गोळ्याच्या पृष्ठभागावरचा चार्ज) बघून घ्या. शंभर-दोनशे नॅनोमीटर आणि झीटा अधिक २० ते ४० मिलिव्होल्ट असेल तर ठीक. झीटा सलाइनमध्ये मोजू नका, मीठ कमी असलेल्या बफरमध्ये मोजा, आणि पॉलिडिस्पर्सिटी (गोळ्यांच्या आकारात किती फरक आहे ते) न दाखवता नुसता साइज सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

बिघडलं तर कुठे बघायचं. सेल्स मस्त, हिरवं काहीच नाही, असं असेल तर आधी प्लास्मिड बघा, मग रेशो, मग पीईआयचा स्टॉक जुना आहे का ते. सगळ्या सेल्स गोल होऊन तरंगतायत, पीईआय जास्त, किंवा सॉल्ट आणि बेसचा घोळ. कॉम्प्लेक्स सेलला चिकटलेले दिसतायत, आत पण गेलेत, पण जीएफपी नाही, तर पिशवीत अडकलेत. त्यासाठी एक जुनी युक्ती आहे, साधारण १०० मायक्रोमोलर क्लोरोक्विन त्या चार तासांपुरतं टाका. क्लोरोक्विन एंडोसोम फुगवतं. त्याने एक्स्प्रेशन भराभर वाढलं तर तुमचं पॉलिमर बाहेर पडण्यात कमी पडतंय हे नक्की. पॉलिलायसिनमध्ये असंच होतं, ते डीएनएला धरतं छान पण बाहेर काढत नाही, पीईआयला क्लोरोक्विनची फारशी गरज पडत नाही. क्लोरोक्विनने पण काही झालं नाही तर अडचण पुढे आहे, पॉलिमर सोडत नाहीये किंवा न्यूक्लियसपर्यंत पोचत नाहीये.

इथपर्यंत जमलं की पोरं लगेच विचारतात, मग याचं औषध का नाही झालं? कारण प्लेट आणि रक्त यात जमीन-अस्मानाचा फरक. शिरेतून दिलं की पॉझिटिव्ह गोळ्यांवर प्रोटिन चढतात, गुठळ्या होतात, फुप्फुसाच्या बारीक नळ्यांत अडकतात, आणि पीईआय शरीरात सहजी मोडत नाही. वरून पीईजी नावाच्या पॉलिमरचा थर दिला तर रक्तात टिकतं, पण मग सेलला चिकटायलाच मागेपुढे बघतं. म्हणून बाजी लिपिडने मारली, २०१८ मध्ये पॅटिसिरन हे एसआयआरएनएचं (जीन बंद करणारा छोटा आरएनए) औषध आलं ते लिपिड नॅनोपार्टिकलमध्ये, कोविडच्या एमआरएनए लशी पण लिपिडमध्येच. पॉलिमरवाल्यांच्या खात्यात काहीच नाही असं नाही, सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पॉलिमरमध्ये एसआयआरएनए भरून माणसाच्या ट्यूमरमध्ये जीन बंद केल्याचा पुरावा २०१० मध्येच कॅलटेकच्या मार्क डेव्हिस यांच्या गटाने दिला होता. आणि पडद्यामागे पीईआय आजही राबतंय, जीन थेरपीसाठी लागणारे एएव्ही आणि लेंटिव्हायरस (जीन वाहून नेणारे व्हायरस) फॅक्टरीत बनवताना एचईके सेल्समध्ये प्लास्मिड घालायला सर्रास तेच वापरतात.

डीएनएऐवजी एमआरएनए घालायचा असेल तर हाच प्रोटोकॉल जसाच्या तसा उचलू नका. त्याला न्यूक्लियसमध्ये जायचंच नसतं, सायटोप्लाझममध्ये सुटला की चार-सहा तासांत प्रोटिन दिसायला लागतं, पण लिनियर पीईआय त्याला फार गच्च धरतं. एसआयआरएनएचं उलटं, तो २१-२३ बेसचा आखूड तुकडा, पीईआयच्या हातात नीट बसतच नाही आणि वाटेतच निसटतो. इथे मोडणारी पॉलिमरं बघा. लहान वजनाचं पीईआय डायसल्फाइडने जोडलेलं मिळतं किंवा बनवता येतं, सेलच्या आत ग्लुटाथायोन बाहेरच्यापेक्षा शेकडो पट जास्त असतं, तिथे गेल्यावर जोड तुटतात आणि माल सुटतो. दुसरं म्हणजे पॉली बीटा-अमिनो एस्टर, २००० च्या सुमारास एमआयटीत लिन आणि लँगर यांनी आणलेलं. डायअॅक्रिलेट आणि अमाइन एकत्र गरम केलं की बनतं, केमिस्ट्रीवाल्या मित्राकडून करून घेता येईल इतकं सोपं. एस्टर बाँड पाण्यात आपोआप तुटतात, म्हणून विषारीपणा कमी. पण त्यामुळेच स्टॉक कोरड्या डीएमएसओत उणे २० ला ठेवायचा, ओलं बोट पण लागू द्यायचं नाही, आणि कॉम्प्लेक्स २५ मिलिमोलर सोडियम अॅसिटेटमध्ये, पीएच ५.२ ला, बनवून लगेच वापरायचे. वजनाचा रेशो बघून दचकू नका, डीएनएच्या ३०-६० पट पॉलिमर लागतं.

कायटोसान स्वस्त म्हणून घ्यायचा मोह होतो, कोळंबीच्या कवचापासून बनतं, सहज मिळतं. पण ते पीएच साडेसहाच्या वर गेलं की चार्ज सोडतं आणि विरघळतच नाही, मीडिया आहे ७.४ चा. करायचं तर आम्लाच्या बफरमध्ये बनवा, डीअॅसिटिलेशन आणि मॉलिक्युलर वेट दोन्ही लिहिलेला लॉटच घ्या, आणि सहा महिन्यांच्या प्रोजेक्टमध्ये पहिलंच पॉलिमर म्हणून तरी नको.